लिंबाखालचा पाहुणा

इवाई, तुमच्या तेरवीनंतरच्या रविवारी सोलर सोसायटीची वार्षिक सभा झाली, आणि मी नेहमीसारखा लिंबाखाली बसलो होतो. चहा आला. साखर कमी होती. तुम्ही आणायचे तो चहा नसायचाच, पाक असायचा. बोट बुडवलं तर चिकटेल असा. मी दरवर्षी कुरकुर करायचो की मला शुगर आहे, आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचे, "एक दिवस काय होते जी, पाहुणे हा तुमी." यंदा मला कोणी पाक पाजला नाही आणि मला त्याचा राग आला. बघा, माणूस कशाकशाचा राग धरतो.

तुमचं वय, तुमचं शिक्षण, सरपंच कधी होते, हे सगळं पेपरात येऊन गेलं. फोटोही छान आला, फेट्यातला. ते मी पुन्हा लिहीत बसणार नाही. माझी वर्षा तुमच्या गजाननला दिली, म्हणून तुम्ही माझे इवाई. पुण्याकडचे लोक व्याही म्हणतात, पण तो शब्द लग्नपत्रिकेतला वाटतो. तुमच्या-माझ्यासारखं भांडायचं असेल तर इवाईच पाहिजे. आणि आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. तुम्ही मध्येच उठून गेले. सभेतून असं उठलेलं तुम्हाला कोणाचं चालत नव्हतं.

लिहायला बसलो की माझी भाषा ऑफिसची होते, हे तुमचं जुनं बोलणं. असू द्या. बत्तीस-तेहतीस वर्षं विजेच्या ऑफिसात काढली, हात त्याच वळणाला जातो. पण सुरुवात तुम्हीच केली होती, हे विसरू नका. मी रिटायर झालो, अमरावतीत घरी बसून पेपर वाचू लागलो, आणि वर्षाला भेटायला म्हणून तुमच्याकडे आलो होतो. ओसरीवर बाज टाकली होती. तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता म्हणाले, "इवाई, तुमी जिंदगीभर लोकायची लाईट कापली. आता रिकामे झाले तं एखाद्याची लावून पहा."

मला ते लागलं. नवा इवाई होतो, इहीनबाई समोर होत्या, म्हणून हसून घेतलं. पण बसमध्ये बसल्यावर तेल्हाऱ्यापासून अकोल्यापर्यंत डोक्यात तेच. तुमच्या गावच्या पंपांना लाईट यायची ती भलत्या वेळी, माणसं अंधारात वावरात पाणी द्यायला जायची, आणि चक्कीवाला दळण घेऊन वाट पाहत बसायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ऑफिसातून ते एका तक्रारीसारखं दिसतं, आणि तुमच्या ओसरीवरून वेगळं दिसलं. अमरावतीला पोचून मी तुम्हाला फोन केला, "जागा कुठं हाय?" तुम्ही विचारलंही नाही, कशाची जागा. म्हणाले, "नाल्याकाठची गावठाणाची. तिथं कापसाची पराटी होत नाही, गोटे हायेत. या पाहायले."

मग सोलरचे कागद मी केले, माणसं तुम्ही केली. सोसायटीची नोंदणी, मीटरचा अर्ज, लाईनला जोडणी, या ऑफिसातून त्या ऑफिसात माझ्या चपला झिजल्या. तुम्ही घरोघरी फिरले. प्रत्येक घरानं निदान एक शेअर घ्यायचा, आणि ठरल्यापेक्षा जास्त कोणी घ्यायचे नाहीत, मग तो किती का मोठा शेतकरी असेना. मोठ्या वावरांचे लोक म्हणाले, आम्ही जास्त टाकतो, काम लवकर होईल. तुम्ही त्यांना म्हणाले, "तुमी जास्त टाकसान तं तुमचा आवाज जास्त निंघन. आवाज सगळ्यायचा सारखाच पाहिजे." कायद्यानं तसंही एका सभासदाला एकच मत असतं, हे मी समजावून सांगितलं, तर तुम्ही माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, "इवाई, मत एकच असते. पण ज्याचा पैसा जास्त, त्याच्याकडे पाहून बाकीचे हात वर करतात. गावात राहिले असते तं तुमाले समजलं असतं."

'गावात राहिले असते तर.' हा टोमणा तुमचा पेटंट होता.

आणि ती उंची! बाप्पा, त्या उंचीवरून आपण किती भांडलो. मी सांगत होतो की पॅनेल जमिनीजवळ लावू, लोखंड कमी लागेल, वाऱ्याची भीती कमी. तुम्ही अडून बसले, "कापसानं भरलेली बंडी खालून गेली पाहिजे." मी म्हटलं, अहो, बैलांची बंडी आता आहे कोणाकडे? सगळ्यांचा कापूस ट्रॅक्टरवर जातो. तुम्ही ऐकलं नाही. शेजाऱ्याची जुनी बंडी काढली, वर कडबा रचला आणि दोर लावून उंची मोजली. खांब उभे राहिले, आणि पहिल्याच हंगामात कापसाची ट्रॉली त्याखाली अशी अडकली की मागंही जाईना, पुढंही जाईना. अर्धा कापूस उपसून काढावा लागला. मी हसून हसून बेजार. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याची चूक हाय. बंडी आणायले पाहिजे होती."

पण त्या उंचीमुळंच खाली सावली पडली, बसता येईल अशी. भाजी विकणाऱ्या कासाबाईनं तिथं वाफे केले. उन्हाळ्यात बाकी गावाचा सांभार, पुण्याकडची कोथिंबीर, जळून जायचा आणि हिचा हिरवागार, कोवळा, तेल्हाऱ्याच्या बाजारात लोक हिची वाट पाहायचे. एकच शेअर तिचा, तोही सांभाराच्या जुड्या विकून घेतलेला, पण ती अशी वागायची जणू सूर्यच तिच्या नावावर आहे. आणि तिच्या वाफ्यांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत तुम्ही सभा भरवायला लागले. मंडप नको, खुर्च्या नकोत. सभासदांनी पॅनेलच्या सावलीत बसायचं. सावली सरकली की सगळ्यांनी सरकायचं, आणि सरकता सरकता लोक इतके जवळ यायचे की ज्यांचं भांडण होतं त्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. सावली पार धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, गेली की सभा संपली. कोणी लांबण लावली की तुम्ही फक्त जमिनीकडे बोट दाखवायचे.

सभासद नसेल त्यानं लिंबाखाली बसायचं. धुऱ्यावरचा कडुलिंब. पाहुण्यांची जागा.

आणि मी पाहुणा! अर्ज माझे, नकाशा माझा, ऑफिसातली बोलणी मी खाल्लेली, आणि सभा सुरू झाली की तुम्ही मोठ्या मानानं मला लिंबाखाली नेऊन सतरंजीवर बसवायचे. पोटनियमात तुम्हीच घालून घेतलं होतं, गावात राहील किंवा गावात ज्याचं वावर असेल तोच सभासद. ते वाक्य माझ्याच अक्षरात लिहिलं गेलं, लिहिताना मला कळलंही नाही की मी माझ्याच तोंडावर दार लावून घेतोय. रिटायर झाल्यावर मिळाले त्यातले थोडे पैसे मी या सोलरसाठीच वेगळे ठेवले होते. अजून तसेच आहेत.

पहिल्या सभेत काय झालं ते आठवतं का? तयार झालेली वीज आधी पंपांना की आधी चक्कीला, असा प्रश्न होता. मी लिंबाखालून ऐकत होतो. तुम्ही म्हटलं, पंपांना आधी, मान्य असन त्यानं हात वर करा. माझाही हात वर गेला. मुद्दाम नाही हो, आपसूक गेला. आणि तुम्ही, सगळ्या गावासमोर, माझ्या पोरीसमोर, म्हणाले, "इवाई, हात खाली घ्या. पाहुण्यायचा हात धरत नाही आमी."

लोक हसले. वर्षाही हसली. मी त्या दिवशी तुमच्या घरी जेवलो नाही. इहीनबाईंनी पुरण घातलं होतं, मी बॅग उचलली आणि बस पकडली. अकोल्याला गाडी बदलताना बॅग उघडली तर वर सांभाराच्या जुड्या आणि वांगी. कोणी ठेवली कोण जाणे. घरी पोचलो आणि तुमचा फोन.

"पोचले का?"

"पोचलो."

"रागात हा का?"

"हो."

"बरं. पुढच्या साली या मंग."

आणि ठेवून दिला. असा माणूस मी पाहिला नाही.

पुढच्या साली मी आलो. न येऊन काय करणार होतो? आणि त्या साली तुम्ही ती चहाची युक्ती काढली. सभा रंगात आली, कोणाचं कोणाला पटेना, की तुम्ही उठायचे. "पाहुण्याले चहा देऊन येतो" म्हणून बशी-कप घेऊन उन्हातून चालत लिंबापाशी यायचे. वाकून कप द्यायचे आणि ओठ न हलवता विचारायचे, "लाभांश वाटावा का ठेवावा?" मी सांगायचो. तुम्ही "साखर बरोबर हाय ना?" असं मोठ्यानं म्हणून परत जायचे, बसायचे, टोपी नीट करायचे आणि सुरू करायचे, "माह्या मतानं तं असं हाय..." पुढचं सगळं माझं वाक्य. शब्दन् शब्द. स्वल्पविरामासकट. मी लिंबाखाली बसून दात-ओठ खायचो. अक्कल माझी आणि हात तुमचा!

पण एक सांगू? अमरावतीत कोणी मला असं काही विचारत नव्हतं. तिथं मी सकाळी फिरायला जाणाऱ्यांतला एक म्हातारा होतो. वर्षभर मी त्या एका कपाची वाट पाहायचो, इवाई. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही साखर आणखी वाढवली असती.

दरवर्षी सभा झाली की आपलं भांडण ठरलेलं. मी विचारायचो, मला सभासद काहून नाही करत? माझा पैसा खोटा आहे का? तुम्ही म्हणायचे, "पैसा खोटा हाय असं मी म्हणून नाही राहिलो. पण आमची लाईट गेली तं तुमच्या घरचा पंखा बंद होते का?"

"माझी पोरगी तुमच्या घरात आहे. तिचा पंखा तो माझाच पंखा."

"म्हणून तं तिले सभासद केलं."

"आणि मी?"

"तुमी चहा घ्या."

मग ती वावटळ आली. उन्हाळ्यातली दुपार, नाल्याकडून उठली आणि पॅनेलची एक अख्खी रांग उचलायला लागली. मी सांगितलं होतं, उंचीला वारा लागेल. तसाच लागला. गावातली माणसं धावली, बाया धावल्या, दोर टाकून खांबांना लटकली. माझी वर्षा लटकली. कासाबाईच्या तळहाताची साल निघाली. रांग वाचली. मला हे संध्याकाळी फोनवर कळलं. त्या वेळेला मी अमरावतीत पंख्याखाली झोपलो होतो. मी वाट पाहिली की आता तुम्ही म्हणणार, पहा, म्हणत होतो ना. तुम्ही फक्त इतकंच म्हणाले, "पोरगी बरी हाय तुमची. काळजी नका करू." टोमणा मारला असता तर मी उलटून भांडलो असतो, उंचीचं काढलं असतं. तुम्ही ती सोयच ठेवली नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात भेटलो ते शेवटचं. नाकात नळी, आणि डोळे तसेच, हिशेब लावणारे. मला म्हणाले, "इवाई, बॅटरीचं काय करावं?" संध्याकाळी सूर्य गेला की आपलं सोलर मुकं होतं, बॅटरी असती तर गावात रात्रीही आपली वीज राहिली असती, हा विषय तीन सभांपासून पडून होता. शिलकीतून हळूहळू घेऊ असं तुमचं, आणि हळूहळू म्हणजे आपण मेल्यावर असं माझं. मी म्हटलं, "बरे व्हा आधी, मंग भांडू." तुम्ही मान फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही चहा न देता विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं नाही.

म्हणून आता सांगतो, नंतर काय झालं ते.

तेरवीला अकोल्याचे एक जिनिंगवाले शेठ आले होते. चांगला माणूस, उगाच नावं ठेवू नयेत. तुमच्या फोटोला हार घातला, इहीनबाईंजवळ बसले, आणि जाताना पंचमंडळींना म्हणाले की बॅटरीचा सगळा पैसा मी टाकतो, मला आणि माझ्या घरच्या काही जणांना सभासद करा. त्यासाठी पोटनियम बदलावा लागणार होता. बाहेरच्याला घेता आलं पाहिजे, आणि शेअरची मर्यादा काढली पाहिजे. गावात दोनच दिवसांत वातावरण झालं. बॅटरी येणार! पोरं संध्याकाळच्या उजेडाच्या गोष्टी करू लागली.

आणि कासाबाई मला येऊन म्हणाली, "भाऊ, बरं झालं. नियम बदलला का तुमी बी आतमंदी येसान. सावलीत बसा आता. मंग तुमालेच अध्यक्ष करू, तुमच्याइतकं कोणाले समजते?"

मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, इवाई. मला आनंद झाला. तुमची राख नदीत जाऊन किती दिवस झाले होते, आणि मला आनंद झाला. रात्रभर नाही, पण संध्याकाळभर मी मनातल्या मनात त्या सावलीत बसून पाहिलं. कुठं बसेन, काय बोलेन. तुमच्या जागेशेजारी बसायचं, असंही ठरवलं.

रविवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. तुमची जागा लोकांनी मोकळी ठेवली होती, सावली सरकली तशी ती मोकळी जागाही सगळ्यांसोबत सरकत गेली. वर्षा उपाध्यक्ष, म्हणून सभा तिच्याकडे. डोक्यावर पदर, आवाज जरा बसलेला. ठराव वाचला. गडबड सुरू झाली. गजानन म्हणत होता, घेऊन टाकू. कोणी म्हणत होतं, शेठचे भाऊ, जावई, मुनीम सगळे सभासद झाले तर आपले हात किती उरतील? कोणी म्हणत होतं, अन् उद्या त्यानं पैसा काढून नेला तर? कासाबाई ओरडली, "अबे, पण अंधारात किती साल बसायचं मंग?" तिचं चूक नव्हतं. तिच्या घरी पोरीची पोरगी दहावीला आहे.

आणि वर्षा उठली. "पाहुण्याले चहा देऊन येतो," म्हणाली. येते नाही. येतो. तुमचंच वाक्य, तुमच्याच तोंडचं.

उन्हातून चालत आली. वाकली. कप दिला. माझी लेक, जिला मी सायकल शिकवली, ती ओठ न हलवता म्हणाली, "बाबा, सांगा. मामाजी तुम्हाले विचारूनच बोलत होते, मले माहीत हाय." मामाजी म्हणजे तुम्ही, तिचे सासरे.

चहा फिका होता. तिला माझी शुगर माहीत आहे ना.

मी तिच्याकडे पाहिलं आणि पलीकडे सावलीत तुमच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर दहा पावलं चालून मी तिथं बसलो असतो, उरलेलं आयुष्य. आणि माझ्या मागोमाग शेठ बसले असते, आणि वावटळ आली असती त्या दिवशी आम्ही दोघंही आपापल्या शहरात पंख्याखाली असतो. तुमचं म्हणणं मला पटलं होतं असं समजू नका. उंचीच्या बाबतीत तुम्ही साफ चुकले होते, आणि बॅटरीच्या बाबतीत फार सावकाश होते. पण त्या वेळी मी वर्षाला म्हटलं, "लहान बॅटरी घ्या आधी. चक्की आणि घरातल्या दिव्यांपुरती. यंदा लाभांश वाटू नका, त्यातून होईल. आणि नियम तसाच ठेवा."

ती तशीच वाकून राहिली. "अन् तुमचं?"

"माझं काय? माझ्या चहात साखर कमी आहे, तेवढं बघ."

ती मोठ्यानं म्हणाली, "साखर बरोबर हाय ना बाबा?" आणि गेली. बसली. पदर नीट केला. "माह्या मतानं तं असं हाय..." पुढचं सगळं माझं. स्वल्पविरामासकट.

लाभांश नाही म्हणजे कासाबाईच्या हातात यंदा काही येणार नव्हतं. ती वाफ्यातली काडी उपटत राहिली. मग लिंबाकडे पाहून म्हणाली, "पण भाऊले आत घेता आलं असतं." मी कप तोंडाला लावला. रिकामा होता. "जाऊ दे," ती म्हणाली, "येवढे साल थांबलो, एखादं आणखी थांबू," आणि तिनं हात वर केला. मग एकेक करून हात वर गेले. गजाननचाही, जरा उशिरा.

आणि इवाई, माझाही गेला. मुद्दाम नाही हो. आपसूक, पहिल्या वेळेसारखाच.

वर्षानं पाहिलं. कासाबाईनं पाहिलं. सगळ्या सभेनं पाहिलं, आणि कोणी काही म्हटलं नाही. सावली धुऱ्यापर्यंत आली होती, लोक उठून धोतरं-लुगडी झटकत होते, आणि मी लिंबाखाली हात तसाच धरून बसलो होतो, कोणीतरी म्हणेल म्हणून, इवाई, हात खाली घ्या, पाहुण्यायचा हात धरत नाही आमी.